पिकअपच्या मागे कोणी बसलं नव्हतं

ईशान, तू पाठवलेला फोटो मी मोठा करून तीनदा पाहिला. नवी पिकअप छान आहे, रंगही तुला शोभणारा. पण मागे उभा केलेला तो फ्रिज... आणि त्याला एकच दोरी, तीसुद्धा दाराच्या हँडलला बांधलेली! वर तुझी बहीण रेवा फोनवर हसत सांगते, "आजी, हा तसाच तास-दीड तास हायवेने आला. काही झालं नाही."

काही झालं नाही हे खरं आहे. म्हणूनच लिहायला बसले आहे. गेल्या वर्षी नाशिकच्या अंबडहून सटाण्याला जाताना घडलेली एक गोष्ट मी तुम्हा दोघांना कधी सांगितली नाही. तुमच्यासाठी लिहितेच आहे, तर या सदराच्या वाचकांपुढेही ठेवते. कोणाला उलगडा सुचला तर मला हवाच आहे.

आधी माझ्याबद्दल. मी एकतीस वर्षं एका कंपनीत इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळला. आमच्या घरात कधी कोणाची दृष्ट काढली नाही, की गाडीला लिंबू-मिरची बांधली नाही. अमक्याला तमकं दिसलं, असं कोणी सांगू लागलं की मी पहिल्यांदा विचारते – किती वाजले होते आणि उजेड किती होता? तर माझ्या बाबतीत सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि ऊन लख्ख होतं.

तुमच्या आजोबांचं अंबडला छोटं वर्कशॉप होतं, हे तुम्हाला माहीत आहे. लहानपणी तिथल्या लोखंडाची कुरळी कात्रणं तुम्ही खिशात भरून आणायचात आणि तुमची आई माझ्यावर चिडायची. त्या गाळ्यात शेवटपर्यंत राहिलेलं मशीन म्हणजे जुना लेथ, लोखंड कातायचं यंत्र. वजन नऊशे किलो. लांबीला साडेसहा फूट आणि विचित्र तोलाचा, कारण मोटर आणि गिअर एकाच टोकाला असतात. त्या टोकाला सगळे 'डोकं' म्हणायचे. नऊशे किलोंमधलं निम्म्याहून जास्त वजन त्या डोक्यात.

आजोबा आजारी पडले तेव्हा त्यांनी माझ्याकडून एकच कबूल करून घेतलं. "लेथ भंगारात जाता कामा नये. यशवंतला दे. आणि गाडीत चढवताना तू स्वतः उभी राहा."

यशवंत त्यांच्याकडे बावीस वर्षं मिस्त्री होता. त्याच लेथवर शिकला, त्याच लेथवर त्याचे केस पिकले. नंतर गावी सटाण्याला जाऊन त्याने शेतीची अवजारं दुरुस्त करायची शेड टाकली, पण साधा दांडा कातून घ्यायचा तरी त्याला मालेगाव गाठावं लागायचं. आजोबा गेले. पुढे गाळा दुसऱ्याला द्यायची वेळ आली, तेव्हा मी यशवंतला फोन केला.  तो त्याच्या अहिराणी वळणाने म्हणाला, "वहिनी, मी पाया भरून ठेवतो. बोल्टची मापं माझ्या ध्यानात शेत."

आता थापेबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

आजोबा सातपूरच्या फाउंड्रीतून माल आणायचे तेव्हा टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसायचे नाहीत. मागे, मालाबरोबर, रिकामं खोकं उपडं घालून बसायचे. "पुढे बसून मागचं कळत नाही," म्हणायचे. (हे चूक होतं. मालाबरोबर मागे कोणी बसू नये. मी तेव्हाही भांडत होते.) ड्रायव्हरला काही सांगायचं असलं की केबिनच्या टपावर थाप. एक थाप म्हणजे थांब. दोन थापा म्हणजे चल. हा काही आमचा शोध नाही, मालाच्या गाडीवर काम करणाऱ्या सगळ्यांना हे ठाऊक असतं.

शनिवारी माझं ऑफिस बंद असायचं. टेम्पो सिडकोतल्या आपल्या घरावरून जायचा. एक थाप – टेम्पो फाटकापाशी थांबायचा. मी डबा वर द्यायचे. दोन थापा – टेम्पो निघायचा. आजोबांच्या घड्याळाचा स्टीलचा पट्टा दोन कड्या सैल होता, त्यांनी तो आयुष्यभर दुरुस्त केला नाही. त्यामुळे त्यांच्या थापेला शेपूट होतं. आधी पंजाचा भरीव आवाज आणि लगेच पट्ट्याची बारीक खळ्ळ. मी स्वयंपाकघरातून तो आवाज ओळखायचे.

त्या दिवशी सकाळी सात वाजता मी गाळ्यावर हजर होते, हातात यादी घेऊन. यादीत चौदा कलमं होती. सगळी आजोबांची, फक्त अक्षर माझं. पिकअपचा ड्रायव्हर संपत, सिन्नरकडचा, पस्तिशीचा, बोलका. यादी बघून तो क्रेनवाल्याला म्हणाला, "आज काय पेपर हाय काय आपला? मावशी सुपरवायझर दिसत्यात."

"पास झालास तर चहा," मी म्हटलं.

"आन नापास झालो तर?"

"तर मशीन उतरवून पुन्हा चढवायचं."

क्रेनने लेथ उचलला. संपतला डोकं मागच्या फळक्याकडे ठेवायचं होतं, म्हणजे सटाण्याला उतरवायला सोपं. मी नाही म्हटलं. डोकं केबिनकडे हवं. सगळ्यात जड भाग मागच्या चाकांच्या थोडा पुढे आला पाहिजे. तो मागे गेला की गाडीचं नाक उचललं जातं आणि स्टिअरिंग हलकं पडतं. संपत कुरकुरला, पण त्याने मशीन फिरवलं. ईशान, हे लक्षात ठेव. वजन किती आहे याच्याइतकंच ते कुठे आहे यालाही महत्त्व असतं.

मशीनचे पाय आधीच दोन जाड लाकडी ओंडक्यांना बोल्टने बांधले होते, म्हणजे बूड रुंद होतं आणि मशीन कलंडत नाही. मशीनवरचे सरकणारे भाग घट्ट करून टाकले. मग चार जाड बेल्ट – दोन मशीनला पुढे ओढणारे, दोन मागे ओढणारे. बेल्ट जिथे लोखंडाच्या कडेवरून जातो, तिथे खाली जुन्या ट्यूबचा तुकडा ठेवायचा, नाहीतर कड बेल्टला करवतीसारखी कापते. चार बेल्ट, चार तुकडे. मी मोजले.

"एक बेल्ट जास्तीचा घे," मी म्हटलं.

"मावशी, लगीन हाय का मशीनचं? मानपानाला पण बेल्ट?"

"घे म्हटलं ना."

त्याने घेतला. साडेआठला आम्ही निघालो. मी पुढे, संपतशेजारी. यादीत तेरा खुणा झाल्या होत्या. चौदावं कलम होतं – 'पाच किलोमीटरवर थांबून सगळे बेल्ट हाताने तपासणे.' गाडी हलली की माल बसतो, लाकूड दबतं, घट्ट बेल्ट सैल होतो. आजोबा ही तपासणी कधीच चुकवत नसत. घरून निघायला उशीर झालेला असो, पाऊस असो, पाच किलोमीटर झाले की खाली उतरणारच.

पाच किलोमीटर झाले तेव्हा आम्ही उड्डाणपुलावर होतो. "हितं थांबता येत नाय," संपत म्हणाला. बरोबर होतं. मग आडगावला थांबू म्हणालो. आडगाव आलं तेव्हा तो मुलीच्या शाळेबद्दल सांगत होता – तिला इंग्रजीत पैकीच्या पैकी मिळाले होते, आणि इंग्रजीचा विषय निघाला की माझं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. आडगाव गेलं. पिंपळगावला चहा घेतला. माझा गुडघा धरला होता म्हणून मी उतरले नाही. संपतने मागच्या टायरला लाथ मारली, एका बेल्टवर बोट वाजवलं आणि म्हणाला, "वाघावानी बसलंय."

आणि मी... चौदाव्या कलमापुढे बरोबरची खूण केली.

अर्धवट यादी मला बघवत नाही, एवढंच कारण. नोकरीत असताना न पाठवलेल्या पत्रावर 'पाठवले' असा शेरा मी एकदाही मारला नव्हता. त्या दिवशी मात्र मारला, तोही आजोबांच्या कलमावर.

सोग्रस फाट्याला आम्ही हायवे सोडून देवळ्याच्या रस्त्याला लागलो. पुढे भावडबारीचा घाट. घाट फार मोठा नाही, पण चढ खडा आहे. समोर कांद्याने भरलेले दोन ट्रॅक्टर रांगत चालले होते. आमच्यामागे एक मोटरसायकल होती – माणूस, त्याची बायको आणि मधे लहान मुलगी. ओव्हरटेक करायला मिळेना म्हणून ती आमच्या अगदी मागे चिकटून येत होती. मला ती आरशात दिसत होती. मुलीच्या टोपीचा रंग पिवळा होता.

चढ लागायच्या जरा आधी संपतने गिअर खाली घेतला. तेवढ्यात टपावर थाप पडली.

एकच. भरीव. आणि मागून बारीक खळ्ळ.

 मी आरशाकडे वळले. बोलला तो संपत. "च्यायला, फाट्यावर कोन चढलं मागं?" आणि ब्रेक लावून गाडी बाजूला घेतली. फाट्यावर लोक न विचारता चढतात म्हणे. तो दार उघडून ओरडतच उतरला, "ए, उतर खाली! धर्मशाळा हाय का?"

मागे कोणीही नव्हतं.

मोटरसायकलवालाही थांबला होता. संपतने त्याला विचारलं, "दादा, आमच्या मागं कोन बसलं होतं?"

"कोनीच नही भाऊ. नुसतं मशीन शे," तो म्हणाला. "काय हुयनं?"

"टपावर हात मारला कोनीतरी."

त्या माणसाने बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली. दोघांची नजर सगळा वेळ आमच्या गाडीवरच होती. "जाय आपलं पुढे," ती नवऱ्याला हळूच म्हणाली, आणि ते निघून गेले. आम्ही बाजूला झाल्यामुळे त्यांना वाट मिळाली होती. पिवळी टोपी ट्रॅक्टरच्या पुढे जाईपर्यंत मी बघत होते.

मग मी गुडघा सांभाळत उतरले. संपत एका जागी उभा होता. त्याने बोट दाखवलं. ट्यूबचा चौथा तुकडा गाडीच्या तळाला पडला होता. तो कुठेतरी खड्ड्यात निसटला असणार. मशीनला पुढे ओढून धरणाऱ्या दोन बेल्टांपैकी एक, पायाच्या कडेवरून जातो तिथे, कापला गेला होता. दोन बोटं रुंदी उरली होती, बाकी नुसते धागे. दुसरा इतका सैल होता की त्याच्याखालून माझा हात मनगटापर्यंत गेला. लाकडी ओंडके मागे सरकले होते. पत्र्यावर ताजा ओरखडा होता, चार बोटं लांब.

मी कधी ओरडत नाही. तेव्हाही ओरडले नाही. फक्त गाडीच्या कठड्याला धरून उभी राहिले. पुढे चढ होता. चढावर सगळं वजन मागे ओढलं जातं. पहिल्या वळणावर तो बेल्ट तुटला असता आणि नऊशे किलो लोखंड मागच्या फळक्यासकट रस्त्यावर गेलं असतं. तिथे कोण होतं ते मी आरशात पाहिलं होतं.

संपतने जास्तीचा बेल्ट काढला. लग्नाचा विनोद त्याने पुन्हा केला नाही. आम्ही चाकांना दगड लावले, पहारीने ओंडके पुढे सरकवले, ओंडक्यांच्या मागे लाकडी गुटके ठोकले. ट्यूबचा तुकडा मी स्वतः जागेवर धरला आणि या वेळी तो तारेने बांधला. चारही बेल्ट ओढले. मी प्रत्येकाला हात लावून पाहिलं. पाऊण तास गेला.

पुन्हा गाडीत बसलो. संपतने इंजिन सुरू केलं नव्हतं. रस्त्यावर त्या क्षणी एकही वाहन नव्हतं. त्याने खालच्या आवाजात विचारलं, "मावशी, मघाशी तुमी पण ऐकलं ना? हाताला कडं घातलेला मानूस असल्यावानी?"

मी त्याला घड्याळाच्या पट्ट्याबद्दल एक शब्दही सांगितला नव्हता.

"ऐकलं," मी म्हटलं.

"मग निघू का?"

 खरंच कळत नव्हतं की हे विचारायचं कोणाला. मी समोर बघत बसले... आणि टपावर थापा पडल्या. दोन. शांत, नेहमीच्या. डबा घेतल्यावर पडायच्या तशा.

संपतने माझ्याकडे पाहिलं नाही. किल्ली फिरवली आणि म्हणाला, "चला. सांगितलं निघायला."

मला भीती वाटली का, असं रेवा नक्की विचारेल. नाही वाटली. थोडं रडू आलं, ते मी चष्मा पुसताना उरकून घेतलं.

सटाण्याला यशवंत शेडबाहेर उभाच होता. "उनात का वहिनी!" – आलात का – एवढंच म्हणाला आणि आधी मशीनला हात लावला, मग मला नमस्कार केला. लेथ उतरला आणि पायाच्या बोल्टवर अचूक बसला, एक सूतही इकडे-तिकडे नाही. त्याने मशीनवर स्पिरिट लेव्हल ठेवून पाहिली, फडक्याने मशीनचं डोकं पुसलं. मी त्याला घाटातलं सगळं सांगितलं, माझ्या खोट्या खुणेसकट. वाटलं होतं, तो हात जोडेल किंवा काहीतरी बोलेल. त्याने फक्त विचारलं, "एक थाप का दोन?"

"आधी एक. बेल्ट बांधून झाल्यावर दोन."

"मग बराबर शे," म्हणाला, आणि पाना घेऊन बोल्ट आवळायला लागला.

परत येताना मी संपतला त्याच जागी गाडी उभी करायला लावली. मला प्रयोग करायचा होता. मी केबिनमध्ये बसले आणि तो मागे चढला. सैल बेल्टची लोखंडी कडी टपावर आपटली तर नुसतं टण्ण वाजतं. लाकडी गुटका फळक्यावर पडला तर ठक्क. हाताने थाप मारली तर थाप, पण तिच्यामागे खळ्ळ नाही. त्याच्या हाताला घड्याळही नव्हतं, कडंही नव्हतं. शेवटी तो खाली वाकून खिडकीतून म्हणाला, "मावशी, पास झालो का?" तेव्हा आम्ही दोघंही पहिल्यांदा हसलो.

घरी आल्यावर कपाट उघडून आजोबांचं घड्याळ पाहिलं. डबीत होतं आणि बंद होतं. काटे चार वाजून दहा मिनिटांवर. त्याचा कशाशीही काही संबंध नाही, उगीच जोडू नका.

सैल बेल्ट वाऱ्याने फडफडून टपावर आपटला असेल, असं माझ्या एका मैत्रिणीचं म्हणणं. पहिल्या थापेपुरतं मी ते मानायला तयार आहे, खळ्ळ सोडून. पण दुसऱ्या वेळी गाडी उभी होती, इंजिन बंद होतं, वारा नव्हता आणि चारही बेल्ट मी स्वतः हाताने तपासले होते.   एक वर्ष झालं, मी अजूनही लिंबू-मिरची बांधत नाही आणि कोणी काही सांगू लागलं तर अजूनही वेळ आणि उजेड विचारते.

ती यादी जपून ठेवली आहे. चौदाव्या कलमापुढची खूण मी खोडली आणि शेजारी लिहिलं – 'भावडबारीच्या पायथ्याशी, ११.२०, तपासले.' कोणी थांबवलं, त्यासाठी जागा रिकामी सोडली आहे.

यादीची प्रत या पत्रासोबत पाठवते आहे, ईशान. फ्रिज उभाच न्यायचा, पण केबिनला टेकवून. दोऱ्या नव्हे, बेल्ट. हँडलला काहीही बांधायचं नाही. कडांखाली रबर. एक बेल्ट जास्तीचा, कोणी हसलं तरी. आणि पाच किलोमीटरवर थांबून, उतरून, प्रत्येक बेल्टला हात लावायचा. तुमच्याकडे परदेशातही किलोमीटरच आहेत, मैल नाहीत, तेव्हा ती सबब नको.

खूण मात्र हात लावून झाल्यावरच कर. कोणी टपावर थाप मारेल म्हणून वाट बघू नकोस.